आठवण राखणारं घर

मोहाडी तालुक्यातल्या वरठीवरून हावडा-मुंबई गाड्या धडधडत जातात. या मार्गाच्या दोन्ही टोकांना खेळून गेलेला एक ब्राझीलियन फुटबॉल फॉरवर्ड मला फार जवळचा वाटतो, जोसे रामिरेझ बॅरेटो. पोर्तो अलेग्रे हे त्याचं गाव, रोनाल्डिन्होचंही तेच. रोनाल्डिन्होनं विश्वचषक उचलला, बॅरेटोच्या अंगावर ब्राझीलची जर्सी कधी चढली नाही.

1999 साली तो कोलकात्याच्या मोहन बागान क्लबमध्ये आला आणि त्याच मोसमात क्लबनं राष्ट्रीय लीग जिंकली. 2001-02 मध्ये पुन्हा जिंकली. त्याचं खरं कसब दिसायचं ते गोलकडे पाठ करून उभा असताना. मागून बचावपटू रेटतोय, हा त्याला पाठीनं थोपवून धरतोय, चेंडू पायाशी दाबलेला. सोबती मोकळा झाला की अलगद पास. बागानसाठी 200हून अधिक गोल करणारा माणूस दुसऱ्याच्या गोलासाठी असा खोळंबून राहतो, इथेच मला त्याचा मोठेपणा दिसतो. कोलकात्यानं त्याला ‘सबुज तोता’ (हिरवा पोपट) म्हणून आपलंसं केलं. 2012च्या मे महिन्यात त्यानं बागानचा निरोप घेतला, पण तिथल्या माणसांनी त्याला निरोप दिलेला नाही.

मधल्या काळात तो मुंबईतही खेळला, तिथलं काय? डेरिक परेरांच्या मार्गदर्शनाखाली महिंद्रा युनायटेडनं 2005-06ची राष्ट्रीय लीग जिंकली, तेव्हा युसिफ याकुबूच्या जोडीला बॅरेटो होता. महाराष्ट्रातल्या संघानं ती स्पर्धा जिंकली ती तेवढीच एकदा. 2010 मध्ये तो संघच बंद झाला. खेळाडू तोच, पायही तेच, पण इथं त्याची आठवण राखणारं घर उरलं नाही.

लोकप्रियता आपण खेळाडूच्या नावावर मांडतो. ती मिळवतो तो, टिकवतात मात्र मागे राहिलेले लोक. बागान 1889 पासून उभा आहे. आजोबांचा संघ नातवाचाही असतो, म्हणून बॅरेटोला न पाहिलेलं पोरही त्याच्याविषयी हक्कानं बोलतं.

आमच्याकडे धान निघालं की रिकाम्या बांधीत पोट्टे चेंडूमागे धावतात. नागपुरात विजय बारसे यांनी 2001 मध्ये स्लम सॉकर सुरू केलं आणि झोपडपट्टीतली मुलं संधी मिळताच कुठवर जातात ते दाखवून दिलं. स्वतः बॅरेटोही पुढे नवी मुंबईत रिलायन्स फाउंडेशन यंग चॅम्प्सच्या मुलांना शिकवायला लागला. शिकवणारे मिळतात, शिकणारे तर गावोगाव आहेत. कमी पडतो तो टिकणारा संघ. मोहाडीचा एक संघ असावा, त्याला कायमचं मैदान असावं, आणि हरण्याच्या वर्षीही गावानं तो मोडू नये. मग इथल्या एखाद्या पोराचा गोल त्याच्या नातवंडांनाही तोंडपाठ असेल.