विट्याच्या पुढचा खिलार मुलूख

विटा म्हटले की यंत्रमागाचा खडखडाट आठवतो. नाहीतर सोन्याचांदीच्या गलाईसाठी हिंदुस्थानभर पांगलेली इथली माणसे आठवतात. अलीकडे कोंबड्यांच्या शेडही पुष्कळ झाल्या. पण रेणावीच्या रेवणसिद्धाला हात जोडून खानापूर ओलांडले, भिवघाटावरून आटपाडीची वाट धरली, की निराळा मुलूख सुरू होतो. मुरमाड माळ, बाभळी, मेंढरांचे कळप, आणि दारापुढच्या दावणीला एखाददुसरी पांढरी, ताठ मानेची, लांब शिंगांची गाय. ही खिलार. अनोळखी माणूस जवळ गेला की ती मान वर करून रोखून बघते. पाहुण्याने मागून जाऊ नये.

आटपाडी, माण, सांगोला, जत हा खिलारचा खरा पट्टा. आटपाडी पूर्वी औंध संस्थानचा महाल होता, म्हणून खिलारच्या एका घराण्याला आजही ‘आटपाडी महाल’ म्हणतात. दुसरे घराणे म्हसवडचे. पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आत, तोही लहरी. अशा ठिकाणी जे जनावर कमी खाऊन, ऊन सोसून, दहा कोस चालून पुन्हा जुवाखाली उभे राहते, तेच पिढ्यान् पिढ्या निवडले गेले. दुष्काळानेच ही जात घडवली असे म्हटले तर फारसे चूक होणार नाही.

पौषात खरसुंडीला सिद्धनाथाची यात्रा भरते. त्याआधी मार्गशीर्षात पुसेगावला सेवागिरी महाराजांची. या दोन्ही ठिकाणी जनावरांचा बाजार बघण्यासारखा असतो. खोंडांच्या गळ्यात घुंगुरमाळा, शिंगांना शेंब्या, अंगावर झूल. कर्नाटकातले व्यापारीही येतात. सौदा रुमालाखाली बोटे धरून होतो. पण त्याआधी दात बघतात: आदत, दुसा, चौसा. मग खूर, शेपटीचा गोंडा, कातडीचा पातळपणा, चालताना मागचा पाय कुठे पडतो ते. कागदावरचे गुणांकन आम्ही कॉलेजात शिकलो, पण इथल्या एखाद्या म्हाताऱ्याची नजर खोंड दावणीवरून सुटून चार पावले चालेपर्यंत सगळे ताडते.

बाजारातले हे खोंड घरातच वाढलेले असतात. पाच-सहा एकर कोरडवाहू, दोन गायी, एक कालवड, एक खोंड एवढाच संसार. गाय पावसाळाभर माळावर चरते. नंतर शाळूचा कडबा, बाजरीचे सरमाड, हुलग्या-मटकीचे भुसकट. विकतचे असे फारसे काही नाही. तिचे दूध दिवसाला दीड-दोन लिटर, आणि खोंड असला तर घरातली माणसे कोरा चहा पितात, दूध त्याला पाजतात. सरकी पेंड आली तरी ती खोंडाच्याच पाटीत. कालवडीच्या वाट्याला उरलेसुरले. हे मला कधी पटले नाही. उद्याची आई तीच आहे. तिची उपासमार झाली की ती उशिरा माजावर येते, आणि पहिल्या वेतालाच वर्ष-सहा महिने हातचे जातात.

दूर अमेरिकेतही अशी घरे आहेत. माळरानावर, थोड्या खर्चात, गोठ्याशिवाय गुरे वाढवायची आणि पैदाशीचे वळू नि कालवडी विकायच्या. त्यांचे शेवटचे गिऱ्हाईक मांसाचे, आपले शेतीचे, हा फरक मोठा आहे. पण नोंदवहीच्या बाबतीत त्यांच्याकडे बघावे. तिथल्या ब्राह्मण जातीच्या पैदासकारांनी १९२४ मध्ये संघ काढला आणि वंशावळी लिहायला घेतल्या. त्या जातीत गीर, कांकरेज, नेल्लोर आणि आपले कृष्णाकाठचेही रक्त आहे असे ते सांगतात. कृष्णाकाठची ही गुरे काळ्या जमिनीत नांगर ओढण्यासाठी सांगलीच्या संस्थानिकांनी एकोणिसाव्या शतकात जोपासली होती. आज ती शोधावी लागतात. काम ट्रॅक्टरने घेतले आणि जात मागे पडली.

खिलारवर तीच पाळी येत होती. टेंभू योजनेने कृष्णेचे पाणी खानापूर-आटपाडीत आणले, ही या भागावरची मोठी कृपा. डाळिंबे, द्राक्षे, ऊस आले. पण माळ नांगरला गेला, चराई आटली, आणि दावणीला संकरित गाय आली. ती महिन्याच्या महिन्याला दुधाचे बिल देते. ज्याच्या डोक्यावर सोसायटीचे कर्ज आहे त्याला खिलार राखा असा उपदेश कुठल्या तोंडाने करावा? त्यात २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या आणि खोंडांचे भाव बसले. डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी मिळाली, मे २०२३ मध्ये घटनापीठाने कायदा उचलून धरला, आणि दावणी पुन्हा भरू लागल्या. मधेच २०२२ मध्ये लम्पी आला, बाजार बंद पडले.

शर्यतीने भाव आला हे खरे, पण माझ्या मनात एक भीती आहे. एखादा पळाऊ बैल गाजला की पंचक्रोशीतल्या सगळ्या गायी त्यालाच लावायच्या. चार वर्षांनी त्याच्याच लेकी त्याच्याचसमोर उभ्या. रक्त जवळ आले की वासरे लहान निपजतात, गायी उलटतात, आणि दोष चाऱ्याला दिला जातो. शिवाय नुसता वेग बघितला तर शांतपणा, खुरांची मजबुती, आईचे दूध हे गुण हातून निसटतात. म्हणून वळू तिसऱ्या वर्षी बदलावा, दुसऱ्या तालुक्यातल्या वळूशी अदलाबदल करावी. जो वळू आणाल त्याची आई आधी जाऊन पाहावी: किती वेते झाली, दर वेताला किती अंतर. गावात वळू नसेल तर खिलारच्याच रेतमात्रा मागून घ्याव्यात. नाही म्हणून दुसऱ्या जातीची लावू नये.

हल्ली विक्रीसाठी कानात बारा अंकी बिल्ला लागतोच. खरसुंडीच्या वाटेवर एका घरी मी शाळेची जुनी वही पाहिली. सून पदवीधर. वहीत बिल्ल्याचा नंबर, गाय कधी दाखवली, कोणत्या वळूला, कधी व्याली, खोंड की कालवड, कुणाला विकले, सारे तिच्या अक्षरात. सासरे मात्र एकही पान न उघडता तीन पिढ्यांपर्यंतच्या आया सांगत होते, आणि सून मधेच थांबवून, “मामंजी, वर्ष सांगा,” म्हणत लिहून घेत होती. पौषातल्या यात्रेला त्यांचा दुसा खोंड निघायचा होता, आणि गिऱ्हाइकाला द्यायला त्या वहीतल्या दोन पानांची नक्कल तिने आधीच काढून ठेवली होती.