दोन दिवस उशिरा जन्मलेला मुलगा

हॉकी म्हटलं की आमच्या सांगलीच्या मंडळींना हिरवं मैदान आणि ध्यानचंद आठवतात. इकडे कॅनडात नुसतं हॉकी म्हटलं की ती बर्फावरचीच. पायात स्केट्स, हातात काठी आणि चेंडूऐवजी रबराची काळी चकती. तिला म्हणतात पक. आमचे चिरंजीव गेली दहा वर्षं त्या पकामागे धावताहेत, आणि त्यांची किटबॅग उचलता उचलता मलाही थोडंफार कळायला लागलंय. हा लेख तसा घरच्यांसाठीच. कारण गेल्या महिन्यात फोनवर मावशीपासून धाकट्या काकांपर्यंत प्रत्येकाने विचारलं, "काय रे, तो युरोपला जाणार म्हणे?"

तर झालंय असं. त्याच्या टीममधला एक मुलगा स्वित्झर्लंडला चाललाय. आमचे चिरंजीव १७ वर्षांचे, फॉरवर्ड, म्हणजे गोल करायची जबाबदारी असलेल्या फळीत खेळणारे. आता त्यांनाही तिकडेच जायचंय. मी काही बोलायला तोंड उघडलं की एकच उत्तर येतं. "बाबा, मॅथ्यूजपण गेला होता!"

ऑस्टन मॅथ्यूज. टोरंटो आणि आसपासच्या कुठल्याही घरात हे नाव काढलं की वाद संपतो. पण म्हटलं, हा मॅथ्यूज नक्की का गेला आणि कसा गेला ते एकदा नीट मांडून बघू या.

मॅथ्यूज वाढला ॲरिझोनात, म्हणजे वाळवंटात. विनिपेगची टीम १९९६ मध्ये उचलून फिनिक्सला आणली, म्हणून त्या गावात बर्फावरची हॉकी रुजली. (ती टीमही २०२४ मध्ये सॉल्ट लेक सिटीला गेली, ते वेगळं.) त्याचा जन्म १७ सप्टेंबर १९९७ चा. एनएचएल, म्हणजे इथली सगळ्यात मोठी लीग, दरवर्षी तरुण खेळाडू निवडते, त्याला ड्राफ्ट म्हणतात. २०१५ च्या ड्राफ्टसाठी १५ सप्टेंबर १९९७ पर्यंत जन्मलेली मुलं चालणार होती. दोन दिवसांनी हुकलं! आपल्याकडे शाळेच्या प्रवेशाला जन्मतारखेवरून अडतं ना, तसंच.

आता एक अख्खं वर्ष हातात. अमेरिकेच्या १८ वर्षांखालील संघात त्याने पॅट्रिक केनचा एका मोसमातला १०२ गुणांचा विक्रम आधीच मोडला होता. (इथे गोल आणि गोलला केलेली मदत दोन्हींचा एकेक गुण.) पुढे दोन रूढ वाटा होत्या. एक, अमेरिकन कॉलेज. दुसरी, कॅनडाच्या पश्चिमेकडची ज्युनियर लीग: मोसमात ७२ सामने, लांबलांबचे बसप्रवास आणि समोर आपल्याच वयाची पोरं. त्याने तिसरीच वाट धरली. ऑगस्ट २०१५ मध्ये झुरिकच्या झेडएससी लायन्सशी एक वर्षाचा करार केला. अठरा पूर्ण झाल्याशिवाय तिथे खेळता येईना, म्हणून पहिला सामना वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी, १८ सप्टेंबरला. त्यातही पठ्ठ्याने गोल केला.

लीगच्या मोसमात सामने ५०. मधे दुखापत झाली, शिवाय ज्युनियर विश्वस्पर्धेसाठी हेलसिंकीला जावं लागलं, त्यामुळे त्याच्या वाट्याला ३६ आले. त्यात २४ गोल आणि २२ मदती. म्हणजे दर तीन सामन्यांत दोन गोल, आणि तेही तिशीतल्या कसलेल्या पुरुषांविरुद्ध. २०१६ च्या ड्राफ्टमध्ये टोरंटोने त्याला पहिल्या क्रमांकावर उचललं. १२ ऑक्टोबर २०१६ ला ओटावाविरुद्ध पहिल्याच सामन्यात चार गोल! (सामना मात्र आम्ही हरलो. टोरंटोकरांना याची सवय आहे.) पहिल्या मोसमात ४० गोल, पुढे २०२३-२४ मध्ये ६९, आणि २०२४ मध्ये कॅप्टन.

इथपर्यंत चिरंजीवांना सगळं तोंडपाठ आहे. निकाल बघायचा आणि "बघा, युरोपमुळे झालं" म्हणायचं. मला मात्र निकाल थोडा बाजूला ठेवून ऑगस्ट २०१५ मध्ये त्या घरात काय दिसत असेल ते बघायचंय.

पहिली गोष्ट म्हणजे त्याला तिकडे जाऊन स्वतःला सिद्ध करायचं नव्हतं. पुढच्या ड्राफ्टमध्ये तो अगदी वर जाणार हे जवळजवळ दिसत होतं. मोसम बरा गेला नसता तर क्रमांक थोडा घसरला असता, दार बंद झालं नसतं. दुसरं, त्या वेळी स्विस क्लबला एका सामन्यात चारच परदेशी खेळाडू उतरवता यायचे. त्यातली एक जागा क्लबने अठरा वर्षांच्या पोराला दिली, म्हणजे त्याला बाकावर बसवायला नक्कीच आणलं नव्हतं. कोच मार्क क्रॉफर्ड, १९९६ मध्ये कोलोरॅडोला स्टॅनले कप जिंकून देणारे, एनएचएलला काय लागतं ते जाणणारे. तिसरं, देश लहान. बहुतेक सामने खेळून त्याच रात्री घरी. सामने कमी, त्यामुळे सरावाला आणि अंग कमावायला वेळ.

आणि चौथी गोष्ट, जी चिरंजीव कधीच सांगत नाहीत. त्याची आई आणि मोठी बहीण त्याच्याबरोबर झुरिकला राहिल्या, वडील नोकरीसाठी ॲरिझोनात. बारावीसाठी लातूरला खोली घेऊन मुलाबरोबर राहणाऱ्या आया आपण पाहिल्यात. त्यातलाच प्रकार. गोल त्याच्या नावावर लागले, पण ते वर्ष अख्ख्या घराने काढलं.

बरं, पुरुषांच्या लीगमध्ये खेळलं की सगळं होतं का? त्याच ड्राफ्टमधला येस्से पुल्युयार्वी बघा. फिनलंडचा फॉरवर्ड, घरच्याच लीगमध्ये मोठ्यांबरोबर खेळून तयार झालेला. त्या हेलसिंकीच्या स्पर्धेत सर्वोत्तम खेळाडू तो ठरला होता, मॅथ्यूज नाही. एडमंटनने चौथ्या क्रमांकावर घेतला. तिथे जम बसेना, आणि २०१९-२० चा मोसम त्याने परत फिनलंडमध्ये जुन्या क्लबकडून काढला. मोठ्यांबरोबर तोही खेळला होता, तरी रुळायला त्याला फार जड गेलं.

आता परिस्थितीही बदललीये. स्वित्झर्लंडमध्ये २०२२-२३ पासून परदेशी खेळाडू सहा चालतात. पण क्लब त्या जागांवर आज सामना जिंकून देणारा माणूस घेणार, उद्या मोठा होईल असा मुलगा सहसा नाही. त्यामुळे आमच्यासारख्याच्या मुलाच्या वाट्याला येईल ती ज्युनियर टीम किंवा खालची लीग. तिकडे इकडची नजर फारशी पोचत नाही. आणि इकडे तर नवं दार उघडलंय. पूर्वी कॅनडाच्या मोठ्या ज्युनियर लीगमध्ये एक सामना खेळलात तरी अमेरिकन कॉलेजची हॉकी बंद व्हायची. २०२५-२६ पासून तसं नाही. गॅव्हिन मॅकेना, २०२६ च्या ड्राफ्टसाठी ज्याचं नाव गाजत होतं, तो २०२५ मध्ये ज्युनियर लीगमधून सरळ पेन स्टेटला गेला. मॅथ्यूजला ही सोय नव्हती.

म्हणून चिरंजीवांना मी नाही म्हटलेलं नाही. तीन प्रश्न कागदावर लिहून दिलेत. तिकडे तुला सामन्यात किती मिनिटं बर्फावर उतरवणार, आणि हे कोण सांगतंय? तुला शिकवणारा कोच कोण? आणि मोसम फसला तर मे महिन्यात तुझ्यापुढे कुठली दारं उघडी असतील? बारावीची परीक्षा तिसऱ्या प्रश्नातच येते, हेही खाली लिहिलंय.

कागद वाचून स्वारी दोन दिवस गप्प होती. मग आईला हळूच विचारलं, "तू येशील माझ्याबरोबर?" ती अजून काही बोललेली नाही. तिची नोकरी आहे, माझी आहे, धाकटीची शाळा आहे. तो गेला तर या घराची दोन घरं होणार, आणि तो एनएचएलमध्ये पोचेल याची खात्री मला कुणीच देऊ शकत नाही, तोही नाही.

तेव्हा मावशी, काका, तूर्तास उत्तर एवढंच: अजून ठरलेलं नाही. स्विस क्लबला तिन्ही प्रश्न विचारणारी ईमेल चिरंजीवांनी स्वतः लिहिलीये. उत्तर आलं की कळवतोच.