धर्माची गाय

चांगल्या कामासाठी फुकट चित्र द्यायचं म्हटलं की माझ्यातला दानशूर आधी जागा होतो आणि चित्रकार निवांत झोपी जातो. धर्माची गाय, तिचे दात कोण मोजतंय, असा माझा हिशेब.

२०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णा-पंचगंगेला महापूर आला. नंतर कोल्हापुरातल्या काही मंडळींनी पूरग्रस्त शाळांसाठी चित्रांचा लिलाव ठरवला आणि मला विचारलं. पुण्यात बसून मी लगेच हो म्हणालो. विषयही तिथल्या तिथे ठरवला: पूर. तीन फूट बाय चार फुटांचा कॅनव्हास, गढूळ पाणी, बुडालेली कौलं, एका छपरावर म्हैस. लोक चित्रासमोर उभे राहून गलबलतील, हे मला स्पष्ट दिसत होतं. कुणीतरी ते विकत घेऊन घरी न्यायचं आहे, हे मात्र एकदाही डोक्यात आलं नाही.

हातात जेमतेम पंधरवडा होता आणि मी काम तैलरंगात, तेही नाइफने जाड थर देऊन केलं. तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही. तेल हवेतला ऑक्सिजन घेत सावकाश घट्ट होतं. अंबर लवकर वाळतो, टायटॅनियम व्हाइट रेंगाळतो, आणि माझं आभाळ जवळजवळ सगळं व्हाइटचंच. जाड थर आतपर्यंत वाळायला महिने जातात. हे मी विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगतो. वरून बोट लावलं, चिकटलं नाही, म्हणून बबल रॅप गुंडाळून चित्र गाडीत टाकलं. फुग्यांची बाजू आत.

हॉलवर उघडलं तर आभाळभर रांगेत गोल खळगे. कडेला प्लॅस्टिकसोबत रंगही सोलून आलेला. आयोजकांपैकी एका ताईंनी वाकून पाहिलं आणि आदरानं विचारलं, ‘‘सर, ही काही खास टेक्निक आहे का?’’

मी हो म्हणालो. बाकीच्या चुका घाईत घडल्या. ही मी शुद्धीवर असताना केली.

पायाभूत किंमतही मीच सांगितली होती, गॅलरीत लावतो तीच. लिलावाची बोली खालून चढते, म्हणून सुरुवात हात वर करायला सोपी हवी. माझ्या आकड्यानंतर पंख्याचा आवाज तेवढा ऐकू आला. आकडा निम्म्यावर आणला, तरी तेच. पुढच्या रांगेतले एक गूळ व्यापारी शेवटी म्हणाले, ‘‘चित्र चांगलं हाय हो सर. पण पुराचं पाणी बाहेर काढताना कंबर मोडलीया आमची. आता पैसं देऊन परत घरात घ्यायचं व्हय?’’ हॉल हसला. मीही हसलो, उशिरा. शेजारीच कुणीतरी दिलेला रंकाळ्याचा वहीएवढा जलरंग होता. त्यावर तिघांची चुरस लागली. माझी म्हैस लाजेखातर माझ्या साडूनं घेतली.

एवढ्यावर मी सीएला फोन करून विचारलं, या चित्राची आयकरात ८०जीखाली सवलत किती मिळेल? तो म्हणाला, ‘‘वस्तू दिली तर काही नाही. पैसे दिले असतेस तर पावती मिळाली असती.’’ साडूला मिळाली का, हे विचारायचं धाडस झालं नाही.

२०२१च्या जुलैत पुन्हा पूर आला. लिलाव या खेपेला कोरोनामुळे व्हॉट्सॲपवर. मी शहाणपणानं छोटा जलरंग दिला: नृसिंहवाडीचा घाट, उन्हाळ्यातला, पायऱ्या कोरड्या. बोली छान चढली. फक्त फोटो मी रात्री ट्यूबलाइटखाली काढला होता. चित्र पोचल्यावर घेणाऱ्या बाईंचा फोन आला, ‘‘फोटोत पाणी निळं होतं, हे हिरवं निघालं की ओ!’’

मी म्हटलं, परत पाठवा, पैसे मी भरतो.

‘‘परत कशाला? फ्रेम तेवढी करून द्या.’’

दिली. काच, माउंट, सागवानी पट्टी, कुरिअर. हेही ८०जीत बसत नव्हतं. या वेळी सीएला विचारलं नाही.