विद्यापीठ गेटवरचा मोबाईल आणि ग्रंथ

१४ जानेवारीला छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठ गेटवर आलेले आपले माणूस सहसा रिकाम्या हाताने घरी परतत नाही. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. नामविस्तारासाठी १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. त्या दिवसाच्या आठवणीने दरवर्षी खेड्यापाड्यांतून आयाबाया लेकरांना घेऊन येतात, गेटला वंदन करतात, शहिदांना आठवतात आणि जाताना पुस्तक घेतात.

पूर्वी अशा गर्दीत भीमगीतांच्या कॅसेटी विकल्या जात. वामनदादा कर्डक, प्रल्हाद शिंदे यांचा आवाज पिशवीतून गावी जाई आणि एका टेपरेकॉर्डरभोवती सारी आळी बसे. आता तीच गाणी मोबाईलवर फुकट वाजतात. कॅसेटवाला गेला. पुस्तकवाला मात्र टिकून आहे. त्याच्या ग्रंथांशेजारी पैसे भरायचा क्यूआर कोड उभा असतो. सुट्ट्या पैशांची अडचण मिटली, हे चांगलेच झाले. ज्यांना येता येत नाही, ते घरबसल्या कार्यक्रम पाहतात.

पण मोबाईलवर येते ते सारेच खरे नसते. बाबासाहेबांचा फोटो आणि खाली चार जोरदार ओळी, असा एक संदेश मी विहारात मोठ्या अभिमानाने वाचून दाखवला. नववीतल्या एका मुलीने विचारले, "काका, हे कोणत्या खंडात आहे?" मला सांगता येईना. घरी येऊन शोधले, कुठेच सापडले नाही. पुढच्या रविवारी सर्वांसमोर चूक कबूल केली.

गेटजवळच नागसेनवन आहे. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली येथे महाविद्यालय सुरू केले. त्याला त्यांनी नाव दिले मिलिंद. राजा मिलिंदाने भिक्खू नागसेनांना प्रश्नावर प्रश्न विचारले आणि पटल्यावरच मान्य केले. त्या मुलीने तेच केले. राजाला जे शोभले, ते आपल्या लेकीबाळींना का शोभू नये?

बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून काढले. वसंत मून यांनी त्यासाठी आयुष्य वेचले. आज हे खंड सरकारी संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. म्हणजे ज्या मोबाईलवर खोटे येते, त्यावरच खरे तपासता येते. फक्त पुढे पाठवण्याआधी दोन मिनिटे थांबले पाहिजे.

यंदा गेटवर जाल तेव्हा फोटो जरूर काढा. पण लेकरांच्या हाती एक ग्रंथ द्या आणि त्यांनी प्रश्न विचारला तर रागावू नका. नागसेनवनाची शिकवण तीच आहे.

जयभीम!