धाराशिवहून नानांना

धाराशिव, डिसेंबर

तीर्थरूप नानांस,

परवा रात्री सुखरूप पोचले. कुर्डुवाडी सुटल्यावर बार्शी येईपर्यंत तुमच्या त्या अरुंद रुळांवरच्या बार्शी लाइटची आठवण काढत होते. आता सगळी लाइन रुंद झाली आहे आणि स्टेशनावरच्या पाटीवर ‘धाराशिव’ लिहिलंय. रिक्षावाला मात्र अजून ‘उस्मानाबाद’ म्हणतो आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही.

तुमचा धाकटा स्टेशनावर आला होता. वाळला आहे, पण खूश दिसला. शाळेतली पीटी सांभाळून त्याने सोळा वर्षांखालच्या पोरांचा संघ उभा केलाय आणि यंदा पहिल्यांदाच तो लीगमध्ये उतरवलाय. चाळीस षटकांचे सामने, सीझन बॉल, पांढरे कपडे. पोरं तीन तालुक्यांतली. कोणाचा बाप शेतकरी, कोणाचा टेम्पोवर, एकाची बस स्टँडबाहेर भेळेची गाडी. स्कोअर लिहायला माणूस नव्हता, म्हणून दुसऱ्याच दिवशी वही माझ्या हातात आली. तुम्ही शिकवलेलं वाया गेलं नाही म्हणायचं.

पहिला सामना आईला सांगू नका, तिला वाईट वाटेल. तेराव्या षटकात सगळे बाद, ५८ धावा. चौघे लाँग-ऑनला झेल देऊन आले, आणि एकाच जागी उभ्या असलेल्या एकाच क्षेत्ररक्षकाने ते चारही घेतले. तरी पाचवा तिकडेच मारायला गेला. मैदानाबाहेर बसलेले काका लोक कपाळाला हात लावत होते, पण मला पोरांचा राग आला नाही. इथे गावोगाव टेनिस बॉलच्या टूर्नामेंट होतात, सहा नाहीतर आठ षटकांच्या. त्यात एक बॉल सोडला तर स्वतःचेच गडी ओरडतात. टेनिसचा चेंडू साठेक ग्रॅमचा, सीझनचा १५६ ते १६३. जवळजवळ तिप्पट वजनाचा, शिवण असलेला, हवेत आणि टप्प्यावर दोन्हीकडे वळणारा. पोरांचे डोळे तयार आहेत, मनगटं तर विचारूच नका. पण चेंडू जाऊ द्यायचा असतो हे त्यांना कोणी कधी सांगितलंच नाही.

रात्री भाकरी खाताना धाकटा म्हणाला, “ताई, ह्यांना मारायला शिकवायची गरजच नाही. थांबायला कसं शिकवू, तेवढं सांग.”

मी काय सांगणार? तुम्हीच लिहा.

तुमची,
ताई


धाराशिव, वेळा अमावस्येची रात्र

ती. नानांस,

आज सामना नाही, सरावही नाही. शहरात संचारबंदी लागल्यासारखं सामसूम होतं. इकडे आणि लातूरकडे मार्गशीर्षातली ही अमावस्या म्हणजे दिवाळीच्या वरचा सण. सगळा गाव शेतात जातो. आम्हाला यष्टिरक्षकाच्या घरचं आवतण होतं. त्यांच्या रानात ज्वारी डोक्याच्या वर गेलेली, कडेला करडई, मध्ये हरभरा. कडब्याची कोपी उभारलेली, आत चुन्याने रंगवलेले पाच दगड म्हणजे पांडव. पूजा झाली आणि मग जेवण. नाना, ती भज्जी म्हणजे आपली भजी नव्हेत. रानात येईल तेवढं सगळं, वाटाणा, हरभरा, घेवडा, पालेभाजी, बेसनात एकत्र शिजवलेलं. सोबत बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि मडक्यातलं आंबील. आंबील मी दोन वाट्या घेतलं आणि बांधावरच्या बाभळीखाली अर्धा तास शुद्धीवर नव्हते.

उठले तर पोरं बांधाशेजारच्या पडीक तुकड्यात खेळत होती. रबरी चेंडू, दगडाच्या यष्ट्या, आणि नियम असा की चेंडू ज्वारीत गेला की आउट. धाकट्याने तो नियम ऐकला आणि चमकला. एरवी ज्वारी नसते म्हणून पोरं हवेत मारतात; उभं पीक आलं की आपोआप चेंडू जमिनीवरून जायला लागतो. म्हणाला, “सीमारेषेवर ज्वारी पेरू का?”

यष्टिरक्षकाच्या आजीने मला खूप छळलं. “बाई, हे पोरगं सकाळी जातंय ते दिवस मावळताना येतंय. एवढं उन्हात उभं राहून कुणी पैसं देतंय का?” मी म्हटलं, नाही. “मग जेवण तरी?” जेवण डब्यातलं, घरचंच. आजीने हात हवेत उडवला आणि माझ्या पानात आणखी एक उंडा टाकला. माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि तिलाही ते नको होतं.

ताई


धाराशिव

ती. नानांस,

तुमचं पत्र मिळालं. भाऊसाहेब निंबाळकरांची गोष्ट पोरांना सांगा असं लिहिलंत, म्हणून सांगितली. १९४८ सालचा डिसेंबर, पुणं, काठियावाडविरुद्ध महाराष्ट्र, आणि निंबाळकर ४४३ वर नाबाद. ब्रॅडमनच्या ४५२ ला नऊ कमी. समोरचा संघ सामनाच सोडून देतो आणि विक्रम राहून जातो. मी आवाज चढवून, थांबून थांबून, अगदी तुमच्यासारखी सांगितली. डावखुरा सलामीवीर हिशेब करून म्हणाला, “सिक्स आन् फोर. दोनच बॉलचं काम व्हतं की!”

तर गोष्टींनी काही होत नाही. झालं ते दुसऱ्याच वाटेने.

ह्या जिल्ह्याचा खरा खेळ क्रिकेट नव्हे, खो-खो. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय मुलींची कर्णधार सारिका काळे इथली, २०२० साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोला बावीस वर्षांनी मिळालेला अर्जुन, आणि तोही दुष्काळी गावातल्या शेतमजुरांच्या घरात वाढणाऱ्या पोरींना आपला वाटेल असा. संध्याकाळी मैदानावर पोरी खुंटाला झेपावतात तेव्हा गुडघे सोलून निघालेले दिसतात आणि कोणी तिकडे बघतही नाही.

क्षेत्ररक्षण सुधारावं म्हणून धाकट्याने आपली पोरं दोन आठवडे तिकडे पाठवली. वाकून चेंडू उचलायचा तर कंबर खाली जायला हवी, आणि बसलेल्या जागेवरून ‘खो’ मिळताच उठणाऱ्या पोरींची कंबर कायम खालीच असते. पहिल्या दिवशी पोरींनी आमचे वेगवान गोलंदाज, सलामीवीर सगळे पटापट टिपले. एक पोरगा चाळीस सेकंदांत बाद होऊन आला आणि बूट काढून बसला.

तिथे त्यांनी एक गोष्ट पाहिली. खो-खोत संरक्षण करणाऱ्याची किंमत मिनिटांत होते. पेपरातही तसंच छापतात, अमकी दोन मिनिटं तीस सेकंद, तमकी तीन मिनिटं. ती काही मिळवत नाही, कोणाला बाद करत नाही, फक्त सापडत नाही. आणि मैदानाभोवतीचे लोक घड्याळ बघत तिच्यासाठी टाळ्या वाजवतात.

दुसऱ्या दिवशी धाकटा मला म्हणाला, “ताई, वहीत आत गेल्याची आणि बाहेर आल्याची वेळ लिहायचा रकाना असतो ना? तो भर.” तो रकाना क्लबच्या सामन्यात कोणी भरत नाही, तुमच्या जुन्या वह्यांतसुद्धा कोराच आहे, मी पाहिलाय. आता डाव संपला की धाकटा धावा वाचत नाही. मिनिटं वाचतो. पहिल्या दिवशी डावखुरा अकरा मिनिटं. पुढच्या सामन्यात चोवीस. आठव्या क्रमांकाचा पोरगा एकोणीस मिनिटं राहिला, धावा दोन, आणि तंबूत येताना असा चालला की शतक काढून आलाय. बाहेरून सगळे ओरडतात, “सोड की बे! जाऊ दे की!” महिन्यापूर्वी हीच पोरं सोडलेल्या चेंडूवर शिव्या घालत होती.

(निंबाळकर आठ तासांहून जास्त खेळपट्टीवर होते हे मी परत एकदा सांगितलं. ह्या वेळी कोणी हसलं नाही.)

ताई


नळदुर्ग (कार्डावर जागा कमी)

सामना पाण्यामुळे रद्द. पाऊस नव्हे, पाणी नसल्यामुळे. मॅटखालचा मुरूम भिजवून रोलर फिरवायला टँकर यायचा होता, आला नाही; कोरड्या भुग्यावर मॅट ताणली तर चेंडू एकदा घोट्यावर, एकदा कानावर. पंचांनी नकार दिला, बरोबरच केलं. मग सगळे किल्ल्यात. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाने बोरी नदी अडवून बंधाऱ्याच्या पोटात पाणी महाल बांधला. सांडव्यावरून पाणी पडताना आत कोरडं बसता येतं. आत्ता सांडवा कोरडा. सविस्तर नंतर. ता.


सास्तूर, लोहारा तालुका

ती. नानांस,

पाण्याचं अर्धवट राहिलं होतं. काळी माती ह्या जिल्ह्यात हवी तेवढी आहे, आणि चिकण काळ्या मातीची खेळपट्टी चांगली होते. पण ती दिवस न् दिवस पाणी पिते आणि रोलर मागते. २०१६ च्या एप्रिलमध्ये शेजारी लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्याच महिन्यात उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितले. पुण्यात तुम्ही तेव्हा चिडला होतात. इथे कोणी चिडलेलं आठवत नाही म्हणतात.

सास्तूरला आलो तो सामना दोन दिवस चालला, कारण पहिल्या दिवशी धुकं उठेना. १९९३ च्या ३० सप्टेंबरला पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला तेव्हा किल्लारीइतकीच ही गावं पडली. दगड-मातीच्या जाड भिंती झोपलेल्यांच्या अंगावर आल्या. लातूर आणि धाराशिव, दोन्ही जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ हजार माणसं गेली. आदल्याच दिवशी गणपती विसर्जन झालेलं. ह्या पोरांचे आईबाप तेव्हा लहान होते. सामन्यानंतर एका घरी चहाला गेलो, तिथे भिंतीवर एकाच तारखेचे चार फोटो होते. कोणी काही बोललं नाही, आम्हीही विचारलं नाही.

पुनर्वसन झालेल्या वस्त्या मात्र बघण्यासारख्या आहेत. रुंद सरळ रस्ते, घराघरांत अंतर, मध्ये मोकळी पटांगणं. धाकट्याचा सिद्धांत असा: तुळजापूरच्या बोळात वाढलेला पोरगा फक्त समोर मारतो, कारण दोन्ही बाजूंना भिंती, आणि पुनर्वसित गावातला पोरगा स्वीप आणि कट जन्मतःच घेऊन येतो. पंच म्हणाले, सगळं थोतांड. मी वहीतली फटक्यांच्या दिशांची चक्रं काढून पाहिली. पाच पोरांच्या बाबतीत सिद्धांत खरा निघाला, तिघांच्या बाबतीत साफ खोटा. तरी मला तो आवडलाय.

इथे आपण जिंकलो, पहिल्यांदा. त्यांनी एकतीस वाईड टाकले, त्यातल्या बहुतेकांना आपल्या पोरांनी हातही लावला नाही. महिन्यापूर्वी त्यातले निम्मे तरी हवेत गेले असते.

ताई


तुळजापूर

ती. नानांस,

शेवटचा सामना झाला. पहाटे सगळा संघ देवळात जाऊन आला, मीही भवानीआईची ओटी भरली, तुमच्या नावाने वेगळा नारळ.

ह्या गावात प्रत्येक पोरगा राजवर्धन हंगरगेकरसारखा धावत येतो. इथला मुलगा २०२२ साली एकोणीस वर्षांखालचा विश्वचषक जिंकून आला, आयपीएलमध्ये चेन्नईने त्याला दीड कोटीला घेतलं आणि २०२३ च्या मार्चअखेर अहमदाबादला पहिल्याच सामन्यात त्याने तीन बळी काढले. त्यामुळे फिरकी टाकायला कोणी तयार होत नाही. धाकट्याने हात जोडून भेळवाल्याच्या पोराला ऑफस्पिनर केलं. आज मॅटवर त्याचा चेंडू असा उसळला की चार बळी घेऊन आता तोच सगळ्यांना ग्रिप दाखवत फिरतोय.

त्यांच्या १५७. आपण चाळीस षटकं पूर्ण खेळलो, पहिल्यांदा. ८ बाद १४६. म्हणजे हरलो. सहा संघांत पाचवे. डावखुरा ४१ धावा, ९७ मिनिटं. शेवटच्या तीन षटकांत मारायची वेळ आली तेव्हा मात्र तो अजून सोडतच होता! धाकटा सीमारेषेवरून ओरडतोय, “आता मार रे बाबा!” आणि पोरगा शहाण्यासारखा बॅट वर उचलून ऑफ स्टंपबाहेरचा चेंडू जाऊ देतोय. मी वहीत तोंड खुपसून हसत होते. सामन्यानंतर त्याला काही बोलू नकोस म्हटलं, तर धाकटा म्हणाला, “बोलतोय कशाला? मारायचं त्याला येतंच. जूनमध्ये आठवण करून देईन.”

उन्हाळ्यात सिमेंटची पट्टी घालायची आहे, पाणी लागत नाही म्हणून. वर्गणी चालू आहे. तुमच्याकडून पाच हजार मी न विचारता लिहिलेत.

उद्या रात्रीच्या गाडीने निघते. भूमकडच्या एका पालकांनी कुंथलगिरीच्या खव्याचे दोन किलो पेढे दिलेत. मी येण्याआधी साखर तपासून ठेवा, आणि रिपोर्ट आईकडे द्या, तुमच्याकडे नको.

तुमची,
ताई