पाण्याकडेचा मुक्काम

मुरशेतच्या उतारावर तंबू ठोकला की पहिल्या संध्याकाळी कुठे जावंसंच वाटत नाही. समोर भंडारदऱ्याचं पाणी, पलीकडे रतनगड आणि त्याच्या शेजारी उभा खुट्ट्याचा सुळका. उजेड सरता सरता डोंगर आधी निळे होतात, मग नुसत्या कडा उरतात. चुलीवर पिठलं रटरटत असतं, नाचणीची भाकरी फुगत असते. बहुतेक मंडळी इथेच दोन दिवस काढतात आणि तिसऱ्या दिवशी घरी जातात. मला मात्र वाटतं, तंबू ही नुसती पाठ टेकायची जागा. इथून तास-दीड तासाच्या आत गाडीने जिथे जिथे जाता येतं, तिथे तिथे हेच पाणी वेगवेगळ्या रूपांत भेटतं.

शेंडीच्या बाजूला प्रवरा नदीवरच्या धरणाची भिंत आहे. काम १९१० साली सुरू झालं आणि १९२६ मध्ये पुरं झालं. तेव्हाच्या गव्हर्नरांच्या नावावरून ते विल्सन डॅम झालं. आज जलाशयाला राघोजी भांगरे यांचं नाव आहे. इंग्रजांविरुद्ध उठलेला याच मुलखातला हा महादेव कोळी वीर, १८४८ साली ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेला. ते नाव मोठ्याने उच्चारावं, असं मला भिंतीपाशी प्रत्येक वेळी वाटतं.

या भिंतीमागचं पाणी खाली अकोले, संगमनेर, श्रीरामपूरकडे जातं. प्रवरेच्या कालव्यांवर तिथला ऊस उभा राहिला आणि उसावर सहकारी साखर कारखाने. काठावरच्या वाड्यांची गोष्ट निराळी. भात आणि नाचणी आभाळाच्या भरवशावर, आणि चैत्र-वैशाखात डोक्यावर हंडे. तंबूवाल्यांसाठी भाकरी थापणाऱ्या एका आजीला मी विचारलं, ‘‘आजी, एवढं पाणी दारात आहे की.’’ भाकरी उलटत त्या म्हणाल्या, ‘‘दारात हाय बाबा, घरात न्हाई.’’ त्यानंतर त्या तळ्याकडे पाहण्याची माझी नजर बदलली.

घाटघरचा रस्ता जंगलातून जातो. इथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो, आणि याच अहिल्यानगर जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या तालुक्यांना पाचशेसाठी डोळे लावून बसावं लागतं. सह्याद्रीची धार ढगांना अडवते आणि पाठीमागचा मुलूख पावसाच्या छायेत राहतो. भूगोलाच्या पुस्तकातलं हे वाक्य घाटघरच्या कोकणकड्यावर अंगावर येतं. पायाखाली एकदम जमीन संपते, आणि खोल खाली कोकण. इथे वरच्या जलाशयातलं पाणी डोंगराच्या पोटातून चोंढ्याच्या बाजूला सोडतात, २५० मेगावॉट वीज करतात, आणि विजेची मागणी उतरली की तेच पाणी पुन्हा वर उपसून आणतात. रोज घाट उतरणारं आणि चढणारं पाणी! २००८ पासून हे चाललंय. कड्यावर उभं राहिलं तर त्यातलं काही दिसत नाही, फक्त वारा कानात शिरतो.

साम्रदची सांदण दरी अरुंद आणि खोल आहे, त्यामुळे पावसाच्या दिवसांत तिच्या वाटेला जाऊच नये. रंधा धबधबा पावसाळ्यात बघावा. पुढे धरणातून सुटेल तेवढंच पाणी त्याच्या वाट्याला. बारीहून कळसूबाई चढायची असेल तर पहाटे निघावं. १६४६ मीटर, राज्यातलं सर्वांत उंच शिखर. वर जिचं देऊळ आहे ती कळसू, सांगतात, घरकामाला राहिलेली मुलगी होती. केर काढणार नाही, भांडी घासणार नाही, अशी तिची अट. ती मोडली तेव्हा ती डोंगरावर निघून गेली. राज्याच्या माथ्यावर एक मोलकरीण बसली आहे, हे मला फार मोलाचं वाटतं.

मे सरताना, पावसाच्या आधी, काजव्यांचे दिवस येतात. हिरडा, सादडा, जांभूळ, एकेक झाड श्वास घेतल्यासारखं उजळतं आणि विझतं. तो उजेड म्हणजे जोडीदाराला केलेली खूण. गाड्यांच्या रांगा लागतात, हेडलाइटचे झोत झाडांवर पडतात आणि ती खूण बुडते. काजव्यांचं वर्षाचं सगळं लगीन त्या थोड्या रात्रींत. म्हणून कळकळीने सांगतो, दिवे मालवून, बॅटरी खिशात ठेवून, पायी जा.

रतनवाडी मात्र शेवटच्या सकाळसाठी राखून ठेवा. रस्ता पाण्याच्या कडेकडेने जातो. गावात अमृतेश्वराचं जुनं दगडी देऊळ आहे, काळ्या दगडात मन लावून कोरलेलं. जवळच चौकोनी पुष्करणी, भिंतींत देवांचे कोनाडे. दुपारी गर्दी होते. सकाळी पुष्करणीच्या पायऱ्यांवर बसलं तर पाखरांखेरीज कोणी नसतं. प्रवरा उगम पावते ती इथेच, रतनगडाच्या अंगावर. पुढे हीच धरण भरते, रंध्याला कोसळते, उसाला पाजते, नेवाशाजवळून गोदावरीला मिळायला जाते. त्या नेवाशात, तिच्याच काठी, शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली.

देवळामागून गडाची वाट धरली की प्रवरा आडवी येते. उन्हाळ्यात तिथे तिला एका उडीत ओलांडता येतं.