शिवणीची माया

आजोबांनी दौंडच्या रेल्वे जंक्शनवर बरीच वर्षे नोकरी केली. सेवानिवृत्त झाल्यावर ते शिरूरला, घोडनदीच्या काठी आमच्या घरी राहावयास आले, तेव्हा त्यांच्या सामानात एक गादीची खुर्ची होती. सायंकाळी ते तीत बसत आणि आम्हां मुलांना आगगाड्यांच्या गोष्टी सांगत.

पुढे खुर्चीचे कापड विरले आणि आतला काथ्या डोकावू लागला. आईने काटकसर करून एक मीटर जाड कापड आणले. त्याचा पन्हा 120 सेंटिमीटर होता. मी त्या वेळी सहावीत होतो. आजोबांना चकित करावे म्हणून, ते दुपारी झोपले असता मी पट्टीने बैठक मोजली. ती लांबीरुंदीला 50 सेंटिमीटर भरली. मी तेवढाच चौकोन कापला. गादीवर पसरून पाहतो, तर तो चहूंबाजूंनी अपुरा! पुन्हा कापड आणण्याइतके पैसे घरात नव्हते. माझ्या डोळ्यांत पाणी उभे राहिले.

आजोबा जागे झाले. ते रागावले नाहीत. "बाळ, पट्टी सरळ गेली; गादी तर फुगलेली आहे," एवढेच म्हणाले. त्यांनी माझ्याकडून जुने कापड हलकेच उसवून घेतले, तुकड्यांवर खडूने 'बैठक', 'पाठ' असे लिहविले आणि ते वर्तमानपत्रावर ठेवून नमुने आखविले. जुने कापड वापराने ताणलेले असते. म्हणून फितीने गादीच्या फुगवट्यावरूनही माप घेतले. ते 58 भरले. कापड खाली दुमडून चुका ठोकावयाच्या, यासाठी प्रत्येक बाजूला 5 सेंटिमीटर अधिक धरले.

"शिवणीसाठी असे जादा कापड सोडतात, त्याला माया म्हणतात," आजोबा म्हणाले. "ती वरून दिसत नाही; पण तिच्यावाचून शिवण टिकत नाही."

कागदी नमुने कापडावर फिरवून पाहिले, तेव्हा उरलेल्या भागात बैठक नेमकी बसली. मी कापलेल्या चौकोनाला एक पट्टी जोडून पाठही झाली. तो जोड पाहुण्यांच्या नजरेस येई. कोणी विचारलेच, तर आजोबा अभिमानाने सांगत, "आमच्या नातवाने बेतले आहे हे!"

आज आजोबा नाहीत. त्यांची खुर्ची मी नंतर दोनदा मढविली. प्रत्येक वेळी कापडाआधी कागद कापला. त्या दुपारी कापडात माया ठेवावयास मी विसरलो होतो. माझ्या बाबतीत ती ठेवावयास आजोबा विसरले नव्हते.